दीड हजार कुठून येतात, हे विचारलं तर काय बिघडलं?

 

आजचा विषय जरा कोरडा वाटेल. राज्याच्या अर्थसंकल्पातली तूट, आणि त्या तुटीवरून विरोधी पक्ष विधिमंडळात सरकारला जे प्रश्न विचारतात ते प्रश्न. पण हा विषय घेण्याला कारण आहे. गटाच्या बैठकीत आम्ही एक वाक्य सारखं ऐकतो : "ते विरोधक आमचे दीड हजार बंद करायला निघालेत." बातमीत तूट, कर्ज आणि लाडकी बहीण हे शब्द एकत्र आले की पोटात गोळा येतो. साहजिक आहे. ज्या बाईच्या खात्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाने दर महिन्याला पैसे यायला लागले, तिला ते जाण्याची धास्ती वाटणारच.

आज आम्ही सरकारची बाजू घेणार नाही आणि विरोधकांचीही घेणार नाही. तूट म्हणजे काय, विरोधक नेमकं काय विचारतात, सरकार काय उत्तर देतं, आणि त्यात आपलं काय, एवढंच बघू या. उदाहरणाला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेतला आहे, कारण त्याचे आकडे स्पष्ट आहेत आणि वर्षभरात पुढे काय झालं तेही आपल्यासमोर आहे.

आधी आपल्या गटाची वही उघडू

समजा, आपल्या गटातली एक ताई म्हणाली, मला वीस हजार कर्ज पाहिजे. आपण लगेच पैसे काढून देतो का? नाही. बैठकीत आपण विचारतो, "कशाला पाहिजेत गं? फेडशील कशातून?" ती म्हणाली म्हैस घ्यायची आहे, तर आपण म्हणतो बरं, दुधाचे पैसे येतील, हप्ता भरेल. ती म्हणाली किराणा दुकानाची उधारी भागवायची आहे, तर आपण तिला हाकलून देत नाही. अडचण कुणाला येत नाही? पण आपण दुसरा प्रश्न विचारतो, "पुढच्या महिन्याच्या किराण्याचं काय? परत कर्ज काढणार का?"

दोन्ही कर्जं वीस हजारांचीच. वहीत दोन्हींची नोंद सारखीच होते. पण पहिल्या कर्जातून घरात काही उभं राहिलं. दुसरं खाण्यात गेलं.

राज्याच्या तुटीचंही असंच आहे. म्हणून तुटीचे दोन आकडे सांगतात आणि ते दोन्ही आपल्याला कळायला हवेत.

तूट दोन प्रकारची

सरकारकडे कर, फी, केंद्राकडून मिळणारा वाटा असे जे पैसे येतात त्यांना महसुली जमा म्हणतात. पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज, अनुदानं, आपल्या खात्यावर येणारे दीड हजार, हा सगळा रोजचा, चालू खर्च. त्याला महसुली खर्च म्हणतात. चालू खर्च जमेपेक्षा जास्त झाला की जो खड्डा पडतो, ती महसुली तूट. ही म्हणजे किराण्याची उधारी.

आता सरकार चालू खर्चाशिवाय रस्ते, धरणं, दवाखान्याच्या इमारती यांवरही खर्च करतं. ते मिळून वर्षाला जो सगळा खड्डा पडतो आणि जो भरायला कर्जच काढावं लागतं, ती राजकोषीय तूट. यात किराण्याचं कर्जही आलं आणि म्हशीचंही आलं.

१० मार्च २०२५ रोजी त्या वेळचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. त्यात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये दाखवला होता. वजाबाकी करा. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. आणि राजकोषीय तूट सुमारे १ लाख ३६ हजार कोटी.

एवढे मोठे आकडे डोक्यात मावत नाहीत. म्हणून ते आपल्या मापाने मोजू. समजा सरकारच्या हातात १०० रुपये आले, तर चालू खर्च १०८ रुपये आहे. आणि वर्षभरात जेवढं कर्ज काढायचं आहे, त्यातल्या दर शंभर रुपयांतले जवळजवळ ३४ रुपये चालू खर्चातच जाणार आहेत. म्हणजे तीन रुपये कर्ज काढलं तर एक रुपया किराण्याला आणि दोन रुपये काही तरी उभं करायला.

त्याच्या आदल्या वर्षी काय होतं? २८ जून २०२४ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट २० हजार ५१ कोटी आणि राजकोषीय तूट १ लाख १० हजार ३५५ कोटी होती. म्हणजे शंभर रुपये कर्जातले १८ रुपये चालू खर्चाला. एका वर्षात अंदाजपत्रकातले १८ चे ३४ झाले.

विरोधक जो गोंधळ करतात, घोषणा देतात, तो टीव्हीवर दिसतो. पण त्या सगळ्याखाली मुद्द्याचा प्रश्न हाच आहे : किराण्यासाठी काढायचं कर्ज का वाढलं, आणि ते कमी कसं करणार?

सरकारचं उत्तर काय असतं

सरकारकडेही उत्तर असतं आणि ते नीट ऐकायला पाहिजे.

राज्यांनी किती तूट चालवून घ्यायची याला मर्यादा आहे. महाराष्ट्राने त्यासाठी २००५ मध्ये कायदा केला. राजकोषीय तूट राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायची, असा दंडक आहे. राज्याचं उत्पन्न म्हणजे सरकारची जमा नव्हे. राज्यातल्या सगळ्यांनी मिळून शेतात, कारखान्यात, दुकानात वर्षभरात जे निर्माण केलं त्याची किंमत. ती २०२५-२६ साठी ४९ लाख ३९ हजार कोटींच्या आसपास धरली होती. त्या हिशेबाने तूट तीन टक्क्यांच्या आत बसते. राज्यावरचं एकूण कर्ज वर्षअखेर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज होता. तेही उत्पन्नाच्या १९ टक्क्यांपेक्षा कमी येतं, आणि मर्यादा २५ टक्क्यांची आहे. म्हणून सरकार म्हणतं, आम्ही रेषेच्या आत आहोत, घाबरू नका.

विरोधक दुसऱ्या बाजूने हिशेब मांडतात. ९ लाख ३२ हजार कोटी कर्ज म्हणजे माणशी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्या संख्येने भागलं तर माणशी ८३ हजारांच्या जवळ येतात. आज माणसं वाढलीत, म्हणून आकडा थोडा कमी धरा. पाळण्यातल्या लेकरावरही एवढं कर्ज, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला धडकी भरते.

मग खरं कोण बोलतं? दोघांचे आकडे एकाच कागदातले आहेत. सावकार कर्ज देताना घराची ऐपत बघतो, ती सरकारने सांगितली. घरातली म्हातारी डोक्यावरचा बोजा बघते, तो विरोधकांनी सांगितला. आपल्यासाठी तिसरी गोष्ट जास्त कामाची आहे : या कर्जावर वर्षाला साठ हजार कोटींच्या वर व्याज जातं. ते आधी भरावंच लागतं. ते भरून जे उरतं त्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणी आणि आपले दीड हजार बसवायचे असतात. व्याज वाढत गेलं की या बाकीच्यांची आपापसात ओढाताण सुरू होते.

आता आपल्या दीड हजारांचा हिशेब

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. वर्षाला ४६ हजार कोटी रुपये लागतील असं तेव्हा सांगितलं होतं. अर्थसंकल्प २८ जूनला मांडला आणि ९ जुलैला, दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा सरकारने ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या.

पुरवणी मागणी म्हणजे काय? वर्षाच्या सुरुवातीला जो खर्च ठरवला, त्यापेक्षा जास्त लागणार असेल तर सरकारला पुन्हा सभागृहाकडे यावं लागतं. सरकार स्वतःच्या मनाने तिजोरीतून एक रुपया काढू शकत नाही, असं आपली राज्यघटना सांगते. त्या ९४ हजार कोटींत लाडकी बहिणीसाठी २५ हजार कोटी होते. विरोधकांनी विचारलं, दहा-बारा दिवसांपूर्वीच अर्थसंकल्प मांडलात, तेव्हा हे माहीत नव्हतं का? आणि हा पैसा येणार कुठून?

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पीय भाषणात सांगितलं गेलं की २ कोटी ५३ लाख महिलांना लाभ मिळाला. आणि पुढच्या वर्षासाठी तरतूद केली ३६ हजार कोटींची.

इथे जरा थांबा आणि गटाच्या सचिवताईंना पेन घ्यायला सांगा. एका बाईला महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार. ३६ हजार कोटींना १८ हजारांनी भागलं तर येतात बरोबर २ कोटी बायका. पण लाभार्थी तर २ कोटी ५३ लाख होत्या. मग ५३ लाख बायकांचं काय? शेतकरी सन्मानाचे पैसे मिळणाऱ्या काही बहिणींना पाचशेच रुपये मिळतात, त्यामुळे थोडा फरक पडतो हे खरं. पण सगळा फरक त्यातून भरून निघत नाही. शिवाय निवडणुकीच्या वेळी २१०० देण्याचा शब्द होता. दोन कोटी बायकांना २१०० द्यायचे तर वर्षाला ५० हजार ४०० कोटी लागतात. ती तरतूद त्या कागदात नव्हती.

हा भागाकार विरोधकांनी सभागृहात मांडला, तेव्हा ते दीड हजार बंद करा म्हणत होते का? ते म्हणत होते, एवढ्या बायकांना शब्द दिलाय तर तेवढे पैसे ठेवलेत का, ते दाखवा. हा प्रश्न खरं तर आपलाच होता. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" असं आपल्या आज्ज्या म्हणायच्या.

पुढे वर्षभरात काय झालं बघा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींच्या वर रुपये लाडकी बहिणीच्या हप्त्यासाठी वळवले गेले. त्यावर आवाज उठवला तो नुसत्या विरोधकांनी नाही. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतः, सरकारमध्ये असून, जाहीर नाराजी सांगितली. सरकारचं म्हणणं असं की या समाजातल्या बहिणींनाही योजनेचा लाभ मिळतो, म्हणून तो पैसा त्यांच्यावरच खर्च होतो. विरोधकांचं म्हणणं असं की तो पैसा वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी राखून ठेवलेला असतो. एकाच घरातल्या आईला दीड हजार मिळाले आणि लेकीची शिष्यवृत्ती अडकली, तर घराला काय मिळालं, याचा विचार आपण करायचा आहे.

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थींचा हप्ता थांबवला आहे. कारणं अशी दिली : काहींना दुसऱ्या योजनेचा लाभ चालू होता, काही घरांत दोनपेक्षा जास्त महिलांना पैसे मिळत होते, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज भरले होते. चुकीच्या माणसाला पैसे जाऊ नयेत हे बरोबरच आहे. पण मग विरोधकांनी विचारलं : अर्ज निवडणुकीआधी मंजूर केले तेव्हा ही तपासणी का नव्हती? आणि त्यात एखादी खरी गरजू बाई चुकून वगळली गेली असेल तर तिने दाद कुठे मागायची?

शेवटी ८ डिसेंबर २०२५ रोजी नागपूरच्या अधिवेशनात ७५ हजार २८६ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात लाडकी बहिणीसाठी आणखी सहा हजार कोटींहून जास्त रक्कम होती. मार्चमध्ये केलेल्या तरतुदीत भागणार नाही, हे डिसेंबरमध्ये कागदावर आलं. आपल्या सचिवताईंचा भागाकार मार्चमध्येच ते सांगत होता.

त्याच मागण्यांत अतिवृष्टीच्या मदतीसाठी पंधरा हजार कोटींहून जास्त रक्कम होती. सप्टेंबर २०२५ चा पाऊस आपल्या धाराशिव जिल्ह्याने कसा सोसला ते आम्ही सांगायला नको. परंडा, भूम भागात तर शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नवा पैसा किती आणि आधीच्याच योजनांची बेरीज किती, असा प्रश्न विरोधकांनी लावून धरला. आपल्या सोयाबीनचा प्रश्न होता तो.

विरोधकांच्या हातात असतं तरी काय?

बहुमत सरकारकडे असतं. मतदान झालं की अर्थसंकल्प मंजूर होतोच. मग विरोधकांनी बोलून काय फरक पडतो, असं वाटेल. त्यांच्या हातात काही साधनं असतात, ती ओळखून ठेवू या.

पहिलं, तारांकित प्रश्न. आमदार लेखी प्रश्न देतो आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. दिलेलं उत्तर कायमचं नोंदीत राहतं.

दुसरं, लक्षवेधी सूचना. तातडीचा विषय असला की आमदार मंत्र्याचं लक्ष वेधतो आणि उत्तर मागतो.

तिसरं, कपात सूचना. एखाद्या खात्याच्या मागणीतून काही रक्कम कमी करा, असं आमदार सुचवतो. बहुतेक वेळा खरी कपात करायची नसते. त्या निमित्ताने त्या खात्याच्या कारभारावर बोलायला मिळतं. उद्या बातमीत "महिला व बालविकास खात्यावर कपात सूचना" असं वाचलं, तर लगेच घाबरू नका. आमदार काय बोलला ते आधी वाचा.

चौथं, लोकलेखा समिती. सरकारने पैसे खरंच कशावर खर्च केले याची तपासणी कॅग म्हणजे महालेखापरीक्षक करतात. त्यांचा अहवाल विधिमंडळात मांडला जातो आणि ही समिती तो तपासते, अधिकाऱ्यांना बोलावून विचारते. तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायची पद्धत आहे. आपल्या गटाचं ऑडिट जसं गटाबाहेरचा माणूस करतो, तसंच.

आता यातली अडचणही सांगतो. सगळ्या खात्यांच्या मागण्यांवर बोलायला वेळ पुरत नाही. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेशिवाय मताला टाकतात. हजारो कोटी अशा वेळी काही मिनिटांत मंजूर होतात. आणि २०२४ च्या निवडणुकीनंतर विधानसभेत विरोधी पक्षनेताच नाही. २८८ च्या सभागृहात एक दशांश, म्हणजे २९ जागा कुठल्याच एका विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, हे त्याचं कारण. उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला १० जागा मिळाल्या. विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची मुदत ऑगस्ट २०२५ मध्ये संपली. त्यामुळे ते ७५ हजार कोटी मंजूर झाले तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. विरोधक होते, बोललेही. पण विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याचा दर्जा असतो, कार्यालय असतं, बोलायला आधी वेळ मिळतो. त्या बळाशिवाय प्रश्न विचारणं अवघड जातं.

खुर्ची बदलते, प्रश्न तोच राहतो

तूट वाढली की आजचे विरोधक ओरडतात. पण तेच सत्तेत गेले की काय करतात? रास्त शंका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला ५२ हजार कोटींवर पुरवणी मागण्या आल्या, तेव्हा विरोधी पक्षनेता म्हणून त्यांच्यावर टीका करणारे होते अजित पवार. नंतर तेच अर्थमंत्री झाले आणि तोच प्रश्न त्यांना विचारला गेला. देवेंद्र फडणवीस विरोधी पक्षनेते असताना २०२० मध्ये त्यांनी लोकांना अर्थसंकल्प समजावा म्हणून सोप्या भाषेत पुस्तक लिहिलं, आणि त्याचं प्रकाशन तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते झालं. आज जे विचारतात ते जयंत पाटील बरीच वर्षं राज्याचे अर्थमंत्री होते.

म्हणून कोण विचारतंय यापेक्षा काय विचारतंय हे बघायचं. माणूस आपल्या पसंतीच्या पक्षाचा नसला तरी प्रश्न आपल्या कामाचा असू शकतो.

कर्ज काढणं म्हणजे पाप नव्हे

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, सरकारने कर्जच काढू नये. तसं नाही. आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात होतं. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं पडली. पुन्हा घरं बांधायला राज्याने जागतिक बँकेकडून कर्ज घेतलं. त्यातून ५२ गावं नव्याने वसली. ते कर्ज काढलं नसतं तर लोक किती वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिले असते?

दुसरं उदाहरण रोजगार हमीचं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्ज्यांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. मागेल त्याला काम द्यायचं ठरलं, तेव्हाही प्रश्न आलाच होता, पैसा कुठून आणायचा? महाराष्ट्राने त्याचं उत्तर दिलं. १९७५ मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला आणि तो रोजगार हमीसाठी म्हणून घेतला. १९७७ मध्ये कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागण्याचा हक्क मिळाला आणि त्याच्या खर्चाची सोयही आधी केलेली होती. म्हणून सरकारं बदलली तरी ती योजना टिकली, आणि पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव कामाला आला.

यातून आपण काय घ्यायचं? ज्या योजनेच्या पैशाची वाट आधी ठरलेली असते, ती योजना टिकते. जिची वाट ठरलेली नसते, तिचे हप्ते लांबतात, याद्या कापल्या जातात, नाही तर दुसऱ्या खात्याचा पैसा ओढला जातो. आणि ते कुणाच्या आधी लक्षात येतं? मोबाइलवर बँकेचा मेसेज आला नाही म्हणून काळजीत पडलेल्या बाईच्या. म्हणून "पैसा कुठून आणणार?" हा प्रश्न आपल्याविरुद्धचा समजू नका. दीड हजार टिकावेत असं ज्यांना वाटतं, त्यांनीच तो सगळ्यात मोठ्याने विचारला पाहिजे.

आपण कुठून सुरुवात करायची?

मुंबई-नागपूरला जायची गरज नाही. आपल्या गावातही अर्थसंकल्प असतो. घराच्या कागदासाठी आपण ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ मागतो ना, तसा नमुना नंबर एक म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. ते बघायला मागा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते किती होते आणि कशावर खर्च झाले, हे महिला सभेत विचारा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते आणि तिचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचे असतात. सभा नुसती कागदावर होत असेल, तर सगळ्या गटांनी मिळून तारीख मागायची.

मग आमदारांकडे या. आपल्या उमरगा मतदारसंघाचे आमदार २०२४ पासून विरोधी बाकांवर बसतात. सत्तेतल्या आमदाराकडे आपण कामं घेऊन जातो. विरोधी आमदाराकडे प्रश्न घेऊन जायचे. "आमच्या गावात इतक्या बायकांचा हप्ता अमुक महिन्यापासून बंद आहे, कारण लेखी मिळालेलं नाही," असं नावांची यादी, अर्ज क्रमांक आणि गटाचा ठराव जोडून द्या. अशा कागदावरूनच आमदाराला सभागृहात प्रश्न विचारता येतो. तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. आणि पुढच्या निवडणुकीत आमदार सत्तेतले झाले, तर तोच कागद पुन्हा द्यायचा.

पुढच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटं काढा आणि वहीत हे चार प्रश्न लिहून घ्या. सरकारने नवी योजना जाहीर केली, मग ती कुठल्याही पक्षाची असो, की एकेक करून विचारा :

एक, ही योजना किती जणींसाठी आहे आणि त्यासाठी पैसे किती ठेवलेत? भागाकार जुळतो का?

दोन, हा पैसा नव्या उत्पन्नातून येणार, कर्जातून येणार, की दुसऱ्या खात्यातून काढणार? दुसऱ्या खात्यातून काढणार असतील, तर कुठल्या?

तीन, कर्ज काढणार असतील तर त्यातून काय उभं राहणार?

चार, कुणाचं नाव वगळलं तर तिला कारण लेखी मिळणार का, आणि दाद कुठे मागायची?

मैत्रिणींनो, हे चार प्रश्न आपण दर महिन्याला एकमेकींना विचारतोच. वीस हजारांच्या कर्जाला आपण विचारतो. लाखो कोटींच्या अर्थसंकल्पाला विचारायला भिण्याचं काही कारण नाही. तुमच्या गटाने ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक मागितलं आणि तिथे काय उत्तर मिळालं, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भाषणात आम्ही तो नमुना नंबर एक कसा वाचायचा, ते रकान्या-रकान्याने सांगणार आहोत.